करंगळी

"संपलं बरं का, वैजयंतीताई," म्हणत समुपदेशक बाईंनी तिच्या कपाळावरची पट्टी सोडवली. या उपचारात रुग्णाने स्वतः काढलेल्या चित्रात जे उतरायचं, ते त्याच्या मनातून कायमचं जायचं.

दाराशी थांबलेला श्रीरंग आत आला. वर्षभरात प्रथमच बायकोचा चेहरा निवांत दिसत होता.

"अहो, भूक लागलीय. वाटेत मिसळ खाऊ या?"

त्याची नजर चित्रावर गेली. दवाखान्यातली खाट आणि त्यांच्या लेकाचा, निनादचा हात. श्वासाचं यंत्र काढायला दोघांनीच होकार दिला होता. आपण घाई तर केली नाही ना, ही शंका तेव्हापासून तिला झोपू देत नव्हती. यंत्र बंद होण्याआधी निनादची करंगळी हलली, असं श्रीरंगला वाटलं होतं. भास असेल, म्हणून तो तिच्यापाशीही बोलला नव्हता.

चित्रात करंगळी उचललेली होती.

"वैजू, तूही पाहिलं होतंस?"

"काय?" तिने चित्र निरखलं. "किती इवलासा हात! कुणाचा आहे हो?"

बाईंनी कोरा कागद लावला. "या, आता तुम्ही."

"माझं राहू द्या," म्हणत श्रीरंगने दोन्ही हात खिशात घातले.