कंट्रोल छान

मावशींनी मेणाचा ठोकळा मायक्रोटोमच्या, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्राच्या पकडीत बसवला आणि चष्मा वर सारून पाहिलं. मेणात पुरलेला मांसाचा तुकडा जेमतेम नखाच्या जाडीएवढा उरला होता. आज पातं पार तळाशी जाणार.

"पुरशील ना गं बाई?" त्या ठोकळ्यालाच म्हणाल्या. आवाज घोगरा निघाला. हल्ली घोगराच निघायचा. घरात बोलायला माणूस नसलं की गळ्यालाही गंज चढतो, अशी मावशींनी स्वतःची समजूत घातली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, एक नणंद होती तीही भांडून दुरावली.

हा ठोकळा म्हणजे प्रयोगशाळेचा कंट्रोल. रोग्याच्या तुकड्याशेजारी, काचेच्या कडेला, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा एक ओळखीचा काप लावायचा. गर्भात ही ग्रंथी घडवायचा हुकूम एक प्रथिन देतं आणि ग्रंथीच्या पेशी ते पुढे जन्मभर जपून ठेवतात. नेमकं त्याच प्रथिनाला चिकटणारं मोनोक्लोनल प्रतिपिंड काचेवर सोडून पुढची रंगाची क्रिया केली, की त्या पेशींच्या पोटात तपकिरी रंग उमटतो. कंट्रोल तपकिरी झाला तरच रोग्याच्या तुकड्यावर भरवसा ठेवायचा.

हा काप कुणाचा, हे मावशींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. फार वर्षांपूर्वी त्यांच्याच गळ्यातली गाठ काढली होती. साधी निघाली. पुढे जुने ठोकळे फेकायची वेळ आली तेव्हा मावशींनी आपला गुपचूप उचलून ठेवला. टाकवेना. मोठे डॉक्टर निवृत्त होईपर्यंत रोज सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणायचे, "कंट्रोल छान!" दिवसभरात मावशींच्या वाट्याला येणारं तेवढंच कौतुक. ते ऐकून त्या घरी जायच्या. हसू नका, माणसं याहून कमी शिदोरीवर जगतात.

आजचा रोगी बसचालक होता. फुप्फुसात गाठी. त्या फुप्फुसाच्याच असतील तर फारसं काही हाती नाही. गळ्यातून तिकडे गेल्या असतील तर औषधाला दाद देतील अशी आशा. त्याची बायको व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती.

"मावशी, कधी कळेल हो?"

"दुपारपर्यंत. तुम्ही दोन घास खाऊन घ्या बघू."

"घशाखाली उतरत नाही."

"तुम्ही बसून आहात, हेच त्यांना मोठं. माझ्या ऑपरेशनच्या वेळी बाकावर नुसती माझी पिशवी होती," मावशी म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर त्यांनाच कसंनुसं झालं.

नव्या डॉक्टरीणबाई भारी चिकट. काचेचा कोपरान् कोपरा बघायच्या, तोवर चहाचं पाणी होऊन जायचं. दुपारी काच त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली गेली तशी मावशी हात पुसत शेजारी उभ्या राहिल्या.

"तपकिरी आहे, मावशी! थायरॉइडचंच आहे हे. इलाज करता येईल."

मावशींचे डोळे भरून आले. "सांगू का तिला?"

"मीच सांगते. एक मिनिट हं."

डॉक्टरीणबाईंनी काच सरकवली आणि कंट्रोलवर आणली. मावशी वाट बघत राहिल्या. ते दोन शब्द काही येईनात.

"कंट्रोल बराय ना?" शेवटी त्यांनीच विचारलं. असं विचारायची वेळ कधी आली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी डोळा उचलला नाही. त्या तुकड्याकडे इतका वेळ कुणी पाहिलंच नव्हतं. मावशींना आतून बरं वाटलं, थोडी लाजही वाटली.

"रंग छान आहे," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "पण आजवर सगळ्यांनी नुसता रंगच बघितला. या तळच्या थरात कॅन्सर आहे, मावशी. तेव्हा वरवरचे काप बघून गाठ साधी म्हणून सोडून दिली असणार."

मावशींचा हात गळ्यावरच्या जुन्या टाक्यांच्या खुणेवर गेला.

"ठोकळा कुणाचा आहे ते शोधा," डॉक्टरीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "माणूस हयात असेल तर आजच घरच्यांना बोलावून घ्या. असलं काही एकट्या माणसाच्या कानावर घालायचं नसतं."