हीटरभोवतीचं कपाट

"हा हीटर बसवणाऱ्याला डोळे होते की बटणं?" बोटीच्या पोटात आडवा होऊन तांडेल मिस्त्री करवादला. शिडाच्या त्या बोटीत पाणी तापवायचा जुना हीटर गंजून बसला होता, आणि कुणा शहाण्यानं तो ठेवल्यावर भोवती कपाट ठोकलं होतं. दार लहान, हीटर मोठा, निघणार कुठून? "असले सुतार पाण्यात बुडवायला हवेत, बाई!"

मालकीणबाईंनी गेल्याच वर्षी बोट विकत घेऊन तिचं नाव, रंग सगळं बदललं होतं. त्या वरून म्हणाल्या, "तो माणूस सापडला तर बोटीवर पाय ठेवू देणार नाही. बाकीचं लाकूडकाम तुम्हीच करायचं, तांडेल."

तांडेल खूश झाला. आणखी चार शिव्या हासडत त्यानं कपाट कापलं, हीटर ओढून काढला. मागच्या फळीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'सुगंधा'. काम संपलं की आतून लेकीचं नाव लिहायची सवय त्याची स्वतःचीच.

"काय लिहिलंय हो?" बाई वाकल्या.

तांडेलनं फळीला पाठ टेकली. "काही नाही, बाई," तो मवाळपणे म्हणाला. "सुताराचं काही चुकलं नव्हतं. तापून तापून हीटरच फुगला असेल."