तेल तापेपर्यंत

“तेल तापल्याशिवाय हिला पळवायचं नाही,” नवरा म्हणाला आणि गोगलगायीच्या चालीने गाडी गल्लीतून निघाली. ऐन उमेदीत विमानासारखी पळणारी ही महागडी गाडी म्हातारी झाल्यावर याने विकत घेतली आणि तेव्हापासून घरात फक्त तिचेच लाड. तिला जरा खोकला आला की हा रजा टाकतो. आज मागच्या सीटवर याचे सख्खे वडील छाती धरून बसले होते, ओठ काळेनिळे पडले होते, आणि याचा डोळा तेलाच्या काट्यावर! हॉर्न मारत एक भंगाराचा टेम्पोसुद्धा आमच्या पुढे गेला. “अरे, बापाचा जीव चाललाय तुझ्या!” मी ओरडले. “थंड इंजिन दामटलं आणि वाटेतच बसलं, तर काय करशील?” असं म्हणत त्याने कान टवकारले. “ऐकलंस? टकटक येतेय.” त्याने वेग आणखी कमी केला. मी मागे वळले. बाबांना बोलायला दम उरला नव्हता. ते बोटातल्या अंगठीने काच ठोकत होते. मी खसकन हँडब्रेक ओढला. “उतर. इकडे येऊन बस.” त्याला काही समजावून सांगायचीही मला किळस आली. स्टिअरिंग हातात घेतलं आणि पाय तळापर्यंत दाबला. काटा अजून हललाही नव्हता. इंजिन किंचाळलं, पण गाडी सुसाट सुटली. तो सीटला चिकटून कळवळला, “अगं, टकटक अजून थांबलेली नाही!” “थांबायलाच नको,” मी दातओठ खात म्हणाले आणि पाय उचलला नाही.