फाटकातली हाक

डोंगरातल्या नारिन गावच्या वसतिशाळेत, शाळेतच वाढणाऱ्या एका मुलीवरच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. नायिका तिथलीच, तेरा वर्षांची बेगायिम. आई तिला शाळेत सोडून निघते आणि पोरगी फाटकातून हाक मारते, एवढाच प्रसंग. पण हाक काही आतून निघेना. दिग्दर्शक वैतागला. "हिची आई आलीय ना? तिला कॅमेऱ्याशेजारी उभं करा. तिच्याकडे बघून हाक मार गं."

बुरुलकान आजी डोईचा रुमाल सारखा करून ताठ पुढे झाली. आमच्याकडे सुनेचं पहिलं मूल सासूच्या ओटीत जातं, तीच त्याची आई होते. बेगायिम तिलाच आई म्हणायची, आणि जन्म दिलेल्या जाझगुलला वहिनी. "तू थर्मास धरून मागे थांब," आजी सुनेला म्हणाली, "मध्ये कडमडू नकोस."

"आई!"

बुरुलकाननं वर केलेला हात तसाच राहिला. पोरगी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. आजीनं वळून पाहिलं.

मागे थर्मास धरून जाझगुल उभी होती, आणि हाक कुणाला मारली ते बघायला तीही मागे वळली होती.