माणशी पाच पेले

अंदाज बरोबर निघाला, तर स्टोअरकीपरला त्याची मुलगी परत मिळणार होती. त्या मानाने एकवीस बाटल्या काही महाग नव्हत्या.

"ऐंशी पाहुणे," दारूच्या दुकानात फळीवर बोट आपटत तो म्हणाला. "तीस नुसते सरबतवाले. उरले पन्नास. पहिल्या तासाला दोन पेले, पुढे तासाला एक. चार तासांचे माणशी पाच, म्हणजे अडीचशे. बाटलीत बारा बसतात. एकवीस द्या. सगळ्या एकाच जातीच्या."

"तीस न्या, साहेब," दुकानदार म्हणाला. "फुकटची म्हटली की सरबतवाल्यांचाही घसा कोरडा पडतो. उरल्या तर सीलबंद बाटल्या मी परत घेतोच की."

"एकवीस म्हटलं ना? कान साफ करून घ्या जरा."

"घ्या बुवा एकवीस. पण मुलीचं लग्न ठरलंय म्हणता, आणि चेहरा तर कुणाचा काटा काढायला निघाल्यासारखा!"

"ठरलंय. झालेलं नाही अजून," स्टोअरकीपर म्हणाला आणि खोकी उचलायला वळला.

त्याने एका कारखान्याचं भांडार तीस वर्षं सांभाळलं होतं. तिथला खिळासुद्धा त्याला विचारल्याशिवाय हलत नसे. आणि अशा माणसाच्या घरातून एक चष्मेवाला सरळ मुलगीच उचलून न्यायला निघाला होता! कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान, बोलणं मऊ, मान सदा खाली. दोनदा तो मुलीला घरी सोडायला आला, तेव्हा त्याच्या शर्टाला दारूचा भपकारा येत होता. मुलगी बिचारी ओढणी तोंडावर धरून, एक शब्द न बोलता आत पळाली होती. पोरीला केवढी शरम वाटली असेल!

"घेतलीस का रे?" दुसऱ्या वेळी त्याने दारातच विचारलं होतं.

"हो, काका. चूक झाली."

वर तोंड करून कबूल! स्टोअरकीपरच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मुलगी मात्र ऐकायला तयार नव्हती. "तो थेंबही घेत नाही, बाबा."

"त्याने स्वतः कबूल केलंय!"

"मग सिद्ध करा. तो पितो असं दाखवा, मी आपणहून लग्न मोडते."

"शब्द?"

"शब्द!" तिने दार धाडकन लावलं होतं.

म्हणून ही मोजदाद. लग्न ठरल्याची मेजवानी दुपारी, घरच्याच अंगणात. पेले भरायला एकच माणूस, आणि त्याच्याजवळ पुठ्ठा. पेला दिला की रेघ मारायची. बाटल्या मागच्या खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली स्टोअरकीपरने मुद्दाम चष्मेवाल्याच्या हातात ठेवली. "तू आता घरचाच. लागेल तशी एकेक काढून देत जा."

मांजराला दुधाची राखण दिली होती. आता फक्त मोजायचं होतं.

दुपारभर स्टोअरकीपरने त्याच्यावर नजर ठेवली. चष्मेवाला कोट खुर्चीवर टाकून टेबलं ओढत होता, म्हाताऱ्यांना पाणी देत होता. पण त्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. तीनदा घरात जाऊन आला. चौथ्यांदा आला तेव्हा कपाळावर घाम होता.

"पोरगी कुठाय?" स्टोअरकीपरने बायकोला विचारलं.

"डोकं दुखतंय म्हणून पडलीय जरा. आणि अहो, त्या मुलाकडे असं डोळे फाडून बघू नका. लोक बघतायत."

"बघू देत. अजून बरंच बघायचंय त्यांना."

शेवटच्या तासाला त्याने पुठ्ठा घेतला. दोनशे चार रेघा. म्हणजे सतरा बाटल्या. टेबलाखाली रिकाम्या मोजल्या: सतरा. मागच्या खोलीत चार सीलबंद हव्या होत्या.

दोन होत्या.

तो अंगणात आला तो गरजतच. "दोन बाटल्या गेल्या कुठे? किल्ली कुणाकडे होती? बोल!"

पाहुण्यांचे घास हातातच राहिले. चष्मेवाल्याने एकदा घराच्या बंद खिडकीकडे पाहिलं.

"मी घेतल्या," तो म्हणाला.

"ऐकलंत? सगळ्यांनी ऐकलंत ना? बेवड्या! माझ्या घरात, माझ्याच मेजवानीत चोरी! लग्न मोडलं. चालता हो!"

"अहो, हळू..." बायको मध्ये पडली.

"गप्प बस तू! तीस वर्षांत माझं मोजमाप चुकलं नाही, ते आज चुकणार?"

चष्मेवाल्याची आई रडत उठली. कुणीतरी म्हणालं, "दिसतो तर किती साधा!" चष्मेवाल्याने किल्ली टेबलावर ठेवली, कोट उचलला.

"काका, तिच्यावर ओरडू नका," एवढंच तो म्हणाला.

"माझ्या मुलीशी कसं वागायचं, ते तू मला शिकवणार?"

अंगण रिकामं झालं. स्टोअरकीपरची छाती फुगली होती. पुठ्ठा हातात घेऊन तो मुलीच्या खोलीकडे निघाला. शब्द दिला होता तिने. आता रडेल, दोन दिवस जेवणार नाही, मग पायाशी येऊन बसेल.

त्याने दार ढकललं. मुलगी पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती. एक बाटली आडवी, रिकामी. दुसरी मांडीत, अर्धी.

"तो कुठाय?" तिची जीभ जड झाली होती. "बाबा, त्याला बोलवा ना. किल्ली मीच काढली त्याच्या कोटातून. सांगा त्याला, ही शेवटची."

बाटल्या एकवीसच्या एकवीस जुळल्या. सतरा पाहुण्यांनी संपवल्या, दोन दुकानात परत जायच्या होत्या, आणि उरलेल्या दोहोंची किंमत भरून चष्मेवाला केव्हाच निघून गेला होता.