सशांशिवायचा शाम्पू

लहान मुलांच्या नव्या शाम्पूची चाचणी तिनं सशांच्या डोळ्यांत एकही थेंब न घालता, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर केली होती. परवानग्या मिळाल्या, ससे चांगल्या घरी गेले, तरी साहेबांनी रिकामे पिंजरे काही हलवू दिले नाहीत. "एका जरी पोराची तक्रार आली ना, तर ससे परत!"

पहिली बाटली आली ती तिच्याच घरी. तिच्या लेकीचं डोकं धुवायचं म्हणजे दोघांनी धरायचं, तिसऱ्यानं गाणं म्हणायचं आणि शेजाऱ्यांनी काय झालं म्हणून बेल वाजवायची.

आज सासूबाई एकट्याच नातीला घेऊन बाथरूममध्ये शिरल्या. ही दाराला कान लावून उभी. पंधरा मिनिटं झाली, आत चिडीचूप! तिला तर तिथेच नाचावंसं वाटायला लागलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. तो कानाला लावते न लावते तोच आतून असं भोकाड ऐकू आलं की विचारता सोय नाही.

"ऐकलं मी," साहेब म्हणाले. "पिंजरे धुवायला सांगतो."

दार धाडकन उघडलं. सासूबाई नखशिखांत भिजलेल्या. "तूच आवर गं बाई हिला, मी हात टेकले!"

टॉवेलात गुंडाळलेली लेक हातपाय झाडत, फोनमधून साहेबांनाही ऐकू जाईल अशी ओरडली,



"आई, आज्जी चौथ्यांदा डोकं धूतच नाहीये!"