सरावातला साहेब

लेकीकडे टोरांटोला जायचं ठरलं, तेव्हा महिनाभर मी बायकोचा इंग्रजीचा सराव घेतला. सिन्नरच्या शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस घरात असताना तिने विमानतळावर गप्प उभं राहायचं, यात माझीच नाचक्की होती.

रोज चहानंतर मी डायनिंग टेबलामागे साहेब होऊन बसायचो. ती पोळपाटाएवढी पर्स सांभाळत समोर उभी राहायची. कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुठे उतरणार, असं मी इंग्रजीत विचारायचो. प्रत्येक उत्तरात तिचं क्रियापद चुकायचं आणि मी तिला ते दहादा घोकायला लावायचो. एकदा ती म्हणाली, "अहो, आता तुम्ही इकडे उभे राहा, मी विचारते." मी हसलो. सराव तिला हवा होता, मला कशाला?

टोरांटोला खरा साहेब काचेमागे बसला होता. त्याने मला विचारलं, किती दिवस राहणार? प्रश्न माझाच होता. पण आजवर तो मी फक्त विचारत आलो होतो. वर्गात पोरांच्या उत्तराची वाट बघायचो, तसा मी त्याच्याकडे बघत राहिलो.

शेवटी बायको पुढे सरकली आणि चुकलेल्या क्रियापदांसकट सगळं सांगून मोकळी झाली. साहेबाने माझ्याकडे बघत तिला विचारलं, हे काय करतात?

"इंग्लिश टीचर," ती म्हणाली.

त्याने मला एकदा नीट न्याहाळलं आणि पुढचा प्रश्नही तिलाच विचारला.